हुंग्याची हद्द

कोंबडीवाला वाटेवरच उभा होता. हातात दोरीचं एक टोक, दुसऱ्या टोकाला हुंग्या. लाँड्रीतली पाळी संपवून ती चढ चढत येत होती. लांबूनच तिला कळलं, कुत्रं आज पुन्हा गेलं होतं.

"वहिनी, हे काही बरं नाही," कोंबडीवाला म्हणाला. "माझ्या शेडच्या मागे फिरत होता. नाक जमिनीला लावून असा चालला होता, जसं काही माझ्या आजोबांनी तिथं धन पुरून ठेवलंय."

"कोंबडी धरली का?"

"धरायला कशाला हवी? एक घाबरली की सगळ्या एका कोपऱ्यात धावतात, एकमेकींच्या अंगावर चढतात, खालच्या गुदमरून मरतात. आज वाचलो. रोज वाचेन असं नाही."

त्याने दोरी तिच्या हातात दिली. माणूस वाईट नव्हता. तिचा नवरा हरवला तेव्हा हाच शेजारी जंगलात घसा बसेपर्यंत हाका मारत फिरला होता. म्हणून तर आवाज न चढवता बोलत होता. दुसरा कुणी असता तर काठी घेऊन आला असता.

हुंग्या तिच्याकडे बघून शेपटी हलवत होता. त्याचे कान जमिनीला टेकतील इतके लांब, कपाळावर सुरकुत्या, ओठांवरून लाळ लोंबलेली. चेहरा पाहिला तर वाटावं, साऱ्या जगाचं दुःख या एकट्याच्या डोक्यावर आहे. नाव नवऱ्याने ठेवलेलं. पिल्लू असताना घरात आल्या आल्या त्याने सगळ्यांचे बूट, पिशव्या आणि सासऱ्यांची काठी टोकापासून मुठीपर्यंत हुंगली होती.

घर वस्तीच्या शेवटाला, उतारावर. मागे जंगल, एका अंगाला कोंबड्यांची शेड, दुसऱ्या अंगाला डांबरी रस्ता, त्याच्यावर मालाचे ट्रक. मधल्या एवढ्या मोकळ्या जागेला कुंपण म्हणून नव्हतं. सासरे गवंडी होते. हातपाय चालत होते तोवर अख्ख्या वस्तीच्या भिंती त्यांनी बांधल्या. स्वतःच्या घराभोवती मात्र एक दगड रचला नाही. आधी वेळ मिळाला नाही म्हणून, आणि मग मुलगा गेला म्हणून.

"तो कुठल्याही बाजूने येईल," ते म्हणायचे. "जंगलातून येईल, रस्त्याने येईल. आणि समोर भिंत दिसली तर काय समजेल? की आपण त्याला सोडून आवरून घेतलं."



तीन वर्षांपूर्वी धुक्याच्या एका सकाळी सरपणाला गेलेली एक बाई जंगलात वाट चुकली, असा निरोप आला. नवरा वनरक्षक. हरवलेली माणसं शोधायची म्हटलं की त्यालाच बोलावणं यायचं, कारण हुंग्या त्याचा. त्याने चहा अर्धा ठेवला, हुंग्याला लांब दोर बांधला आणि गेला. ती बाई दुपारी आपली आपणच जंगलाच्या पलीकडे बाहेर पडली आणि बहिणीच्या घरी जेवायला बसली. नवरा आला नाही. दुसऱ्या दिवशी हुंग्या एकटाच आला. दोर मागे फरफटत होता आणि पंजे सोलवटलेले होते.

मग शहरातून दुसरी कुत्री आणली. त्यांना घेऊन आलेल्या माणसाने तिच्याकडे नवऱ्याचा न धुतलेला कपडा मागितला, आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. नवरा गेला त्या दिवशी तिची सुट्टी होती. तो बाहेर पडल्यावर तिने घरातला कपडा न् कपडा धुवून वाळत घातला होता. आठवडाभर लोकांच्या चादरी धुणारी बाई, तिच्या घरात मळका कपडा राहीलच कसा? दाराआडच्या खिळ्यावर एक लोकरीची टोपी तेवढी राहून गेली होती. शहरातल्या कुत्र्यांनी ती हुंगली, जंगलात ओढ्यापर्यंत गेली आणि तिथे पाण्याच्या काठाने नुसती घिरट्या घालत राहिली. हुंग्याला कुणी नेलंच नाही. त्याच्या चारी पायांना पट्ट्या होत्या. टोपी परत आली तशी तिने ती काचेच्या बरणीत घातली, झाकण घट्ट लावलं आणि बरणी फडताळाच्या वरच्या कप्प्यात मागे सरकवून ठेवली. तेव्हापासून ते झाकण कुणी काढलं नव्हतं.

घर तेव्हापासून कान देऊन बसल्यासारखं झालं होतं. संध्याकाळी दोघं जेवायला बसली की अंगणातल्या खडीवर पाऊल वाजल्यासारखं व्हायचं. दोघांचेही घास हातात थांबायचे.  मग सासरे पाण्याचा पेला पुढे ओढायचे आणि ती वाढायला उठायची. कधी कधी हुंग्या झोपेतून मान वर करायचा, रिकाम्या दाराकडे बघायचा आणि त्याची शेपटी जमिनीवर आपटायची. धप, धप. ओळखीचं माणूस आल्यावर आपटते तशी. तिने त्या दाराकडे पाठ करून बसायची सवय लावून घेतली होती.

कोंबडीवाल्याने परत आणून दिल्याच्या दुसऱ्या दिवशी ती हुंग्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"कुंपण घाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"ते होणार नाही."

"का?"

"सासरे."

 डॉक्टरीणबाईंनी हुंग्याचा कान उचलून आत बघितलं. "हे कान नुसते शोभेचे असतात. एकदा नाक चालू झालं की यांना हाक ऐकूच येत नाही. त्याला रागे भरू नका, त्याच्या हातात नाही ते. आता मी सांगते तसं करायचं, आणि रोज करायचं. जागेच्या कडेने फडकी लावा. सकाळ-संध्याकाळ लांब दोरावर त्याला कडेकडेने फिरवा. फडक्यापाशी आला की शिट्टी वाजवा, तुम्ही मागे वळा. तो वळला की मांसाचा तुकडा. नाही वळला तर तुकडा नाही, ओरडाही नाही. शिवाय अंगणातच तुकडे लपवून ठेवा, शोधू दे. नाकाला काम पाहिजे त्याच्या."

"आणि दोर कधी सोडायचा?"

"तो तुमच्या आधी वळायला लागला की. पण एक लक्षात ठेवा. त्याला एकट्याला कुणी वासावर सोडायचं नाही. अशा कुत्र्याला माग शेवटापर्यंत काढण्यासारखं दुसरं सुख नाही. तसं एकदा झालं की तुमचे मांसाचे शंभर तुकडे पाण्यात."

लाँड्रीत फाटक्या चादरी बाजूला काढून ठेवलेल्या असायच्या. मुकादमबाईंना विचारून तिने गठ्ठाभर आणल्या, त्यांच्या पट्ट्या फाडल्या आणि बांबूच्या कामट्यांना बांधून सगळ्या कडेने रोवल्या. सासरे पायरीवर बसून बघत होते.

"हे काय गं? लग्न आहे का कुणाचं?"

"हुंग्याचं," ती म्हणाली.

ते हसले. कितीतरी दिवसांनी हसले. तिला वाटलं, निभेल हे.

आणि निभलंही. सुरुवातीला हुंग्याने तिच्या नाकी नऊ आणले. दोर ताणून, जीभ बाहेर काढून, डोळे पांढरे करून तो असा ओढायचा की तिचे खांदे रात्रभर ठणकायचे. पण हळूहळू शिट्टीसरशी त्याची मान वळू लागली. मग शिट्टीच्या आधी. एका सकाळी रस्त्याच्या बाजूच्या फडक्यापाशी तो आपणहून थांबला, मागे बघितलं आणि 'कुठे आहे माझा तुकडा' अशा तोंडाने तिच्याकडे आला. तिने त्याला मिठीच मारली. लाळेने खांदा ओला झाला, तो तसाच घेऊन ती कामाला गेली.

त्यानंतर तिने दोर काढला. आणि हुंग्या पुन्हा जायला लागला.

रोज नाही. ती घरी असली की फडक्यांच्या आत अगदी शहाण्यासारखा लोळायचा. तिची सकाळची पाळी असली की मात्र जायचा. एकदा ट्रकवाल्याने वळणावरून उचलून आणला. एकदा जंगलाच्या तोंडाशी सापडला. आणि मग ते झालं, ज्याची तिला धास्ती होती. ती घरी आली तेव्हा अंगणात पोत्यावर मेलेल्या कोंबड्या ओळीने मांडून ठेवलेल्या. पांढऱ्या, माना वाकड्या. बाजूला कोंबडीवाला.

"यांना त्याने तोंडसुद्धा लावलेलं नाही," तो म्हणाला. "शेडच्या जाळीला नाक लावलं, बस. बाकी यांनीच केलं." त्याने वाकून एकीची वाकडी मान सरळ करून ठेवली. "वहिनी, यापुढे मी तुम्हाला सांगायला येणार नाही. सरळ तक्रार करीन. ते गाडी घेऊन येतील आणि त्याला नेतील. मला वाईट वाटेल, पण करीन."

तो गेल्यावर तिने सासऱ्यांना विचारलं, "बाबा, तुमचं लक्ष कुठे होतं?"

"डोळा लागला गं माझा."

"परवाही लागला होता."

"म्हातारा माणूस. लागतो."

बोलताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

त्या दिवसापासून कामाला जाताना ती हुंग्याला मागच्या खांबाला साखळीने बांधू लागली. तो ओरडायचा नाही. नुसता साखळी ताणून जंगलाकडे तोंड करून उभा राहायचा. तिची हाक आली तरी कान हलायचा नाही. ते बघवत नव्हतं, पण करणार काय?

अशातच एका सकाळी लाँड्रीचा बॉयलर बिघडला. वाफ नाही म्हटल्यावर इस्त्रीचे रूळ थंड, ढीगभर ओल्या चादरी तशाच पडलेल्या. मुकादमबाईंनी सगळ्यांना घरी पाठवलं. ती मागच्या पायवाटेने आली. घराच्या कोपऱ्यावरच तिचं पाऊल थांबलं.

सासरे खांबापाशी गुडघ्यावर बसले होते. साखळी सुटून खाली पडलेली. त्यांच्या हातात नवऱ्याचा निळा शर्ट होता आणि ते तो हुंग्याच्या नाकाशी धरत होते. नवरा धरायचा तसाच, दोन्ही हातांची ओंजळ करून.

"शोध," ते म्हणाले. "शोध बाळा."

हुंग्या निघाला. फडक्यांच्या मधून असा गेला, जणू फडकी तिथे नव्हतीच. आधी रस्त्याच्या वळणाकडे, मग वळून शेडच्या मागून, मग जंगलाच्या कडेने. ती भिंतीला टेकून उभी होती. ओरडावं, धावत जावं, काहीच सुचेना. आणि बघता बघता तिच्या लक्षात आलं की ही वाट तिच्या ओळखीची आहे. रोज संध्याकाळी सासरे काठी टेकत फिरायला जायचे ती हीच. वळणावर थांबून ते रस्ता बघायचे, शेडच्या मागून पायवाट बघायचे, जंगलाच्या तोंडाशी उभे राहायचे आणि परत यायचे. हुंग्याचं नाक त्यांच्या पावलांवरून चाललं होतं, एक पाऊलही न चुकता.

तो परत आला, अंगण ओलांडलं आणि सासऱ्यांच्या पुढ्यात येऊन बसला. मान वर केली आणि एक लांब हाक दिली.

नवऱ्याने त्याला दोनच खुणा शिकवल्या होत्या. माणूस सापडलं की समोर बसायचं आणि हाक द्यायची. आणि माग नसलाच, माणूस या बाजूला आलेलंच नसलं, तर परत येऊन दोन्ही पंजे आपल्या माणसाच्या छातीवर ठेवायचे. 'नाही म्हणायलाही शिकलं पाहिजे त्याने,' नवरा म्हणायचा, 'नाहीतर मला खूश करायला खोटं बोलेल.'

हुंग्याने हाक दिली तसे सासरे उठले. अख्खं शरीर वळवून त्यांनी मागे बघितलं. मागे अंगण होतं आणि दोरीवरचे कपडे.

"आलास का?" त्यांनी विचारलं.

ती भिंतीपासून पुढे आली. 

"बाबा," ती म्हणाली.

ते दचकले नाहीत. शर्टाची घडी घालत राहिले. "आज लवकर आलीस."

"कधीपासून चाललंय हे?"

"रोज सापडतो त्याला," ते म्हणाले. "पहिल्यांदा मलाही वाटलं, कुत्रं चुकतंय. पण नाही गं. मधेच कुणी धरलं नाही तर दर वेळी माझ्यासमोर येऊन बसतो, हाक देतो. तो माझ्या मागेच उभा असतो. ही मान अशी आखडलेली. मला वळायला उशीर होतो, तेवढ्यात जातो."

ती खाली पायरीवर बसली. तो निळा शर्ट तिने ओळखला होता. त्या सकाळी तिनेच तो साबणाने घासला होता, कॉलर दोनदा. सासऱ्यांनी संध्याकाळी तो दोरीवरून काढून नेला आणि आपल्या उशीखाली ठेवला, तेव्हापासून तो तिथेच होता. तीन वर्षं त्यांच्या डोक्याखाली, त्यांच्या घामाचा, त्यांच्या मानेला लावायच्या मलमाचा वास लागलेला. त्या शर्टात नवरा नव्हता. धुतला त्या दिवसापासूनच नव्हता.

"बाबा, हे थांबवा. हुंग्याला घेऊन जातील."

"माझ्याने नाही होणार."

"कोंबड्या मेल्या. उद्या ट्रकखाली तोच जाईल."

"माझ्याने नाही होणार म्हटलं ना!"

 दुसऱ्या दिवशी बॉयलर सुरू झाला. इस्पितळाच्या चादरी वाफेतून बाहेर येत होत्या, कोऱ्या, गरम. कुणी त्यांच्यावर बरं झालं होतं, कुणी मेलं होतं. रुळातून निघालेल्या चादरीवर त्याचं काही उरत नव्हतं, आणि ते उरू नये म्हणून तिला पगार मिळत होता. घड्या घालता घालता तिने ठरवलं की सांगायचं.

घरी आल्यावर ती त्यांच्यासमोर बसली. "बाबा, तो शर्ट मी धुतला होता. तो गेला त्याच सकाळी. शर्टाला तुमचा वास आहे. हुंग्या तुम्हालाच शोधतो आणि तुमच्याचपाशी येऊन सांगतो, सापडले म्हणून."

 

"सगळं धुतलंस," ते म्हणाले. "घरातलं सगळं धुऊन टाकलंस तू. माझ्या पोराचा घामसुद्धा ठेवला नाहीस."

तीन वर्षं तिने स्वतःला जे रोज ऐकवलं होतं, तेच दुसऱ्याच्या तोंडून आज पहिल्यांदा आलं. तिला वाटलं होतं, त्या वेळी आपण मोडून पडू. पण ती उठली, स्टुलावर चढली आणि फडताळाच्या वरच्या कप्प्यातून बरणी काढून त्यांच्यासमोर ठेवली.

"एवढं ठेवलंय," ती म्हणाली.

आतली टोपी काचेतून दिसत होती. सासऱ्यांनी बरणीला हात लावला नाही.

"मला वाटलं, ती शहरातल्या लोकांनी नेली," ते म्हणाले.

"उद्या माझी सुट्टी आहे. सकाळी ही हुंग्याला देऊ. आपण दोघं, लांब दोर बांधून. तो जाईल तिथे जाऊ, ओढ्यापलीकडे गेला तरी जाऊ. पण तो म्हणेल ते ऐकायचं. तुम्हीही आणि मीही."

"आणि झाकण काढलं की वास जाईल."

"जाईल."

त्यांनी मान हलवली.

सकाळी ऊन वर यायच्या आत ती तिघं अंगणात आली. तिने हुंग्याच्या अंगावर रुंद पट्टा चढवला, जो नवरा कामावर नेताना चढवायचा. तो दिसताच हुंग्याची पाठ ताठ झाली. तिने झाकण फिरवलं. ते हलेना. हातरुमाल धरून जोर लावला तेव्हा सुटलं. स्वतः वास घ्यायचा मोह तिने आवरला. जे काही उरलं असेल ते आधी त्याला मिळायला हवं होतं. ओंजळीत टोपी धरून ती खाली वाकली.

हुंग्याने नाक आत घातलं, आणि त्याच्या घशातून असा आवाज निघाला जो तिने तो पिल्लू असताना ऐकला होता. बारीक, चिरका. त्याचं सगळं अंग थरथरत होतं.

"शोध," ती म्हणाली. 

तो गेला. आधी दाराच्या उंबऱ्यापाशी. मग पायरी, खांब, कपड्यांची दोरी. दोर हातातून सरकत होता आणि ती मागे धावत होती, सासरे काठी टेकत तिच्या मागे. त्याने सगळी कड पिंजून काढली. रस्त्याकडे गेला, थांबला, नाक उचललं, वळला. शेडकडे गेला, वळला. जंगलाच्या तोंडाशी सगळ्यात जास्त वेळ उभा राहिला. तिथून थंड हवा येत होती आणि तो तिच्यात नाक धरून उभा होता, एक पंजा वर उचललेला. तिला वाटलं, आता ओढेल. दोर तिने मनगटाला गुंडाळून घेतला.

पण तो वळला. हळू चालत तिच्याकडे आला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि दोन्ही पंजे तिच्या छातीवर ठेवले.

त्याचं एवढं वजन असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"पुन्हा दे," सासरे म्हणाले.

तिने पुन्हा टोपी दिली. तो पुन्हा सगळीकडे फिरला, पहिल्याइतकाच मन लावून, आणि पुन्हा पंजे आणून ठेवले.

"मला दे." सासऱ्यांनी काठी टाकून दिली आणि टोपी स्वतःच्या ओंजळीत घेतली. "शोध बाळा." हुंग्याने टोपी हुंगली, त्यांच्या तोंडाकडे बघितलं. या वेळी तो फार लांब गेला नाही. अंगणाला एक फेरी घातली आणि येऊन पंजे त्यांच्या छातीवर ठेवले. सासरे झोकांडले. तिने मागून धरलं म्हणून पडले नाहीत. त्यांनी दोन्ही पंजे आपल्या हातांत पकडले आणि तसेच उभे राहिले, कुत्र्याच्या तोंडाला तोंड लावून.

"नाही म्हणतोय," ते म्हणाले.

"हो."

"कुठेच नाही म्हणतोय."

"हो, बाबा."

मग ते रडले. तीही रडली, पण नंतर, मोरीत बरणी धुताना. त्याआधी तिने टोपी नाकाशी नेली. लोकरीचा वास होता.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तर सासरे कडेला वाकून बसलेले. घराच्या मागे जुने दगड पडून होते, तिथून एकेक आणून ते फडक्यांच्या जागी ओळीने बसवत होते. भिंत नव्हे, घोट्याएवढा एक थर. पण प्रत्येक दगड फिरवून, त्याची बसकी बाजू शोधून, नीट लावलेला.

"एवढ्याने थांबेल का तो?" तिने विचारलं. "सहज ओलांडेल."

"ओलांडू दे. आपण काहीतरी ओलांडतोय एवढं तरी त्याला कळेल."

ओळ पुरी व्हायला बरेच दिवस लागले. ती कामावर असली की आता सासरे हुंग्याला दोरावर घेऊन दगडांच्या कडेने फिरवायचे, तिची शिट्टी गळ्यात घालून. खिशात मांसाचे तुकडे, त्यामुळे त्यांच्या सगळ्या विजारींना वास. साखळी खांबावरून काढून टाकली. दोरही मग काढला. कोंबडीवाला एकदा येऊन दगड बघून गेला, त्याने अंड्यांची एक टोपली ओट्यावर ठेवली आणि गेला. निळा शर्ट तिने पुन्हा धुतला नाही आणि सासऱ्यांनी तो पुन्हा उशीखाली ठेवला नाही. कपाटात घडी घालून ठेवला, इतर शर्टांमध्ये.

संध्याकाळी खडी अजूनही वाजायची. पण आता घास थांबत नव्हते. फार तर सासरे म्हणायचे, "वारा आहे आज."

आणि मग ती धुक्याची सकाळ आली. तिची दुपारची पाळी होती. खिडकीशी उभी राहून ती चहा पीत होती. बाहेर दगडांची ओळ कशीबशी दिसत होती, पलीकडचं जंगल तर नव्हतंच. हुंग्या अंगणातून चालला होता. आधी तिने लक्ष दिलं नाही. मग कप तिच्या हातात तसाच राहिला.

त्याचं नाक जमिनीला नव्हतं. या कुत्र्याला तिने नाक वर करून चालताना कधी बघितलं नव्हतं. तो सरळ चालला होता, शांत, एका लयीत, कुणाच्या तरी डाव्या पायाशी चालावं तसा. अधूनमधून मान वर करून बाजूला बघायचा. पुढे जायचा. पुन्हा बघायचा.

शिट्टी सासऱ्यांच्या गळ्यात होती. हाक मारावी असं तिच्या मनात आलं, आणि तिने मारली नाही.

जंगलाच्या बाजूला दगडांपाशी हुंग्या थांबला. आपणहून बसला. मान वर करून तो बघत राहिला, कुणी काही सांगत असावं आणि ऐकावं तसा. मग त्याची मान हळूहळू खाली आली आणि समोर धुक्याकडे लागली. शेपटी दगडांवर दोनदा आपटली. तो उठला नाही. बराच वेळ तो त्या धुक्याकडे बघत बसून राहिला. मग वळला आणि घराकडे आला.

ती वळली. सासरे तिच्या मागे उभे होते, अंगावर शाल, हातात काठी. केव्हापासून, कोण जाणे.

"तू पाहिलंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मला इथून नीट दिसलं नाही. डोळे..." ते थांबले. "त्याने मान किती वर केली होती?"

"म्हणजे?"

"तो बघत होता ते किती उंचावर?"

तिने कप ओट्यावर ठेवला. हुंग्याची मान आठवत तिने हात हवेत धरला. थोडा खाली वाटला म्हणून वर नेला. तिच्या डोक्याच्याही वर, चांगला वर, आणि तिथे स्थिर ठेवला.

सासरे तो हात बघत राहिले. मग त्यांनी आपला तळवा तिच्या तळव्याला लावून पाहिला, कामावर असताना ओळंब्याशी दगड जुळवून बघायचे तसा.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "दाराच्या चौकटीला डोकं लागायचं त्याचं."

बाहेर हुंग्या पायरीवर येऊन दार उघडायची वाट बघत होता. ती दार उघडायला गेली.